सुमेधला घर पाहिजे

जर्मनीत नोकरीचे किस्से पाच मिनिटांत संपतात, घराचे संपत नाहीत. वोल्फ्सबुर्गपासून अर्ध्या तासावरचं आमचं गाव म्हणजे एक चर्च, दोन बेकऱ्या आणि तासाला एक बस. तिथे तेव्हा आम्ही मराठी घरं मोजून सहा. चौघं जमली, चहा झाला, की कोणीतरी सुरू करायचंच, "अगं, आमच्या घरमालकाने काय केलं ऐक!" मग पोहे गार व्हायचे.

माझ्याकडे या किस्स्यांचा साठा जरा जास्तच आहे. सगळ्यांत आधी जर्मन मी शिकले, त्यामुळे घर शोधणारा प्रत्येक जण माझ्याच दारात यायचा. माझा नवरा मला 'बिनपगारी एजंट' म्हणायचा. म्हणू दे. तो कारखान्यातून आल्यावर पहिलं विचारायचा ते हेच, "आज काय झालं?"

*

पहिला मान प्रसादचा. पुण्याचा मुलगा, सॉफ्टवेअरमधला. किल्ली मिळाली त्या दिवशी त्याचा फोन आला.

"ताई, चोरी झालीय! किचन गेलं!"

"किचनमधलं काय गेलं?"

"किचनमधलं नाही हो, किचन!"

जाऊन बघते तर ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही, कपाटं नाहीत. भिंतीतून दोन नळ्या आणि एक वायर बाहेर आलेली. इथे भाडेकरू स्वतःचं किचन विकत घेतो आणि जाताना उचलून नेतो, हे त्याला सांगायचं मी साफ विसरले होते.

घरमालक आला. "आधीच्या लोकांचं होतं, त्यांनी नेलं. बरोबरच आहे."

प्रसाद तापला. "मग दारं तरी कशाला ठेवली?"

घरमालकाने यावर खरोखर विचार केला. "दारं माझी आहेत," तो म्हणाला.

पुढचा महिनाभर प्रसाद बाथटबमध्ये भांडी घासत होता.

*

पण आमच्या सगळ्यांच्या जिवाला घोर होता तो सुमेधच्या घराचा. हा नागपूरचा. गावाबाहेरच्या संशोधन संस्थेत स्कॉलरशिपवर आलेला, गेस्ट हाउसच्या एका खोलीत राहायचा. बायको करुणा आणि तीन वर्षांची मुलगी मित्रा नागपुरात. नियम असा, की तिघांना पुरेल एवढं घर कागदावर दाखवल्याशिवाय त्या दोघींना व्हिसा नाही. चौदा महिने झाले होते.

दर रविवारी तो फोन कार्ड घेऊन बोलायला बसायचा. पलीकडून मित्रा एकच विचारायची, "बाबा, घर सापडलं का?" जसं काही ते कुठेतरी पडलंय आणि बाबा नीट शोधत नाहीत. हे तो हसून सांगायचा. मला मात्र हसू यायचं नाही.

शनिवारी पेपर आला की मी जाहिरातींवर लाल पेनने खुणा करायचे आणि त्याला फोन करायला लावायचे. एक तीन खोल्यांचं घर बघायला आम्ही गेलो, तर जिन्यात रांग. सुमेधचा नंबर पहिला. घरमालकीणबाईंनी दार उघडलं, हा आत शिरला आणि सवयीने बूट काढून जिन्यात नीट जोडून ठेवले.

मागच्या माणसाने ते पाहिलं. जर्मन माणूस! इथे नियम असणार, असं समजून त्यानेही काढले. मग त्याच्या बायकोने. मग तिच्या मागच्यांनी. मीही काढले, म्हटलं उगाच कशाला वेगळं दिसायचं! दहा मिनिटांत घरभर मोज्यातले गंभीर लोक हिंडत होते आणि खिडक्या उघडून बघत होते.

बाई बाहेर आल्या आणि किंचाळल्याच. "जिन्यात सामान ठेवायला सक्त मनाई आहे! कोणी सुरू केलं हे?"

अठरा बोटं सुमेधकडे वळली.

घर एका जोडप्याला मिळालं. त्यांनी बूट हातात धरले होते.

*

फोनवर सुमेध नुसतं "मी सुमेध" म्हणायचा. जर्मनांना पूर्ण नाव लागतं. मी चार वेळा सांगितलं, पाचव्यांदा रागावले. "अरे, आडनाव सांगायला काय जातं तुझं?"

तो शांतपणे म्हणाला, "ताई, पुण्यात खोली शोधत होतो ना, तेव्हा आडनाव सांगेपर्यंत खोली रिकामी असायची. सांगितलं की लगेच भरायची. अकरा खोल्या भरल्या माझ्यासमोर. तोंडाला सवयच लागली."

आमच्या आईकडे पुण्यात वरचा मजला भाड्याने द्यायचा असे. फोन मीच घ्यायचे. आईने शिकवलेला पहिला प्रश्न होता, "आडनाव काय आपलं?" मी तो कितीतरी जणांना विचारलाय, आणि पुढचं खोटंही मीच बोललेय. मला लाज वाटली आणि ती मी त्याला बोलून दाखवली. तेवढंच माझ्या हातात होतं.

तो म्हणाला, "जाऊ द्या ताई. इथलं एक बरं आहे. इथे सगळ्यांनाच नाही म्हणतात!"

*

स्कॉलरशिपमध्ये तीन खोल्यांचं भाडं बसत नव्हतं. त्यासाठी इथे वोनगेल्ड असतं, म्हणजे भाड्याला सरकारी मदत. सुमेध आधी तयारच होईना. "परक्या देशात येऊन हात पसरायचा?" मी म्हटलं, "स्कॉलरशिपवर शिकलास तेव्हा हात पसरला होतास का? हक्काचं आहे, माग."

नगरपालिकेत त्या टेबलावर फ्राउ लिंडेमान नावाच्या बाई होत्या. चष्मा साखळीला, शिक्के आकाराप्रमाणे लावलेले.

"घरात माणसं किती?"

"तीन," सुमेध म्हणाला.

"बाकीची दोन कुठे आहेत?"

"नागपूरला."

"मग एक."

"पण घर मिळाल्याशिवाय त्या येऊ शकत नाहीत."

"आणि त्या आल्याशिवाय मी तिघांचा हिशेब करू शकत नाही."

"आणि मदत मिळणार असं लिहून आणल्याशिवाय घरमालक घर देत नाहीत," मी मध्येच म्हटलं.

फ्राउ लिंडेमाननी या तीन अटींची साखळी कागदावर काढली. बाण काढले. शेवटचा बाण फिरून पहिल्याच चौकोनात आला. "गेनाऊ," त्या म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर! आणि पेन खाली ठेवलं.

आम्ही उठलो. सुमेधने फाइल आवरताना आतला फोटो खाली पडला. दोन वेण्या, पुढचा एक दात पडून तुटलेला. बाईंनी तो उचलून दिला.

"ही नागपूरची?"

"हो. दोघींपैकी छोटी."

"आल्झो," म्हणजे बरं तर, असं म्हणत बाईंनी टाइप करायला घेतलं. कुटुंब आल्यावर या गृहस्थांना मदत बहुतेक मिळेल, असं पत्र. शिक्का मारला, वाळेपर्यंत फुंकर घातली. बावीस वर्षांत जर्मन सरकारी कागदावर 'बहुतेक' हा शब्द मी तेवढा एकदाच पाहिलाय.

*

ते पत्र घेऊन आम्ही हेर क्राउझेंकडे गेलो. म्हातारे गृहस्थ, चौऱ्याहत्तरचे, खालच्या मजल्यावर एकटेच. वरचा मजला द्यायचा होता. जाहिरातीत लिहिलं होतं, 'शांत भाडेकरू हवा.'

बसमध्ये मी सुमेधला पढवलं. "बायको येणार एवढंच सांग. मुलीचं नाव काढू नकोस. सही झाली की मग बघू." तो हो म्हणाला.

घर छान होतं. तीन खोल्या, मागे सफरचंदाचं झाड. किचनसुद्धा जागेवर! हेर क्राउझेंनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली. धाकटी खोली दाखवत म्हणाले, "ही तुमच्या अभ्यासाला. इथे शांतता असते. काही प्रश्न?"

सुमेध त्या खोलीच्या मध्यभागी उभा राहिला. मी त्याच्याकडे डोळे वटारले. तो खाली फरशीकडेच बघत होता.

"वर कोणी उड्या मारल्या तर खाली ऐकू येतं का?" त्याने विचारलं.

झालं! मी मनातल्या मनात पुढच्या शनिवारचा पेपर उघडला.

हेर क्राउझे म्हणाले, "उड्या कोण मारणार?"

"माझी मुलगी. तीन वर्षांची आहे."

"माहीत नाही," ते म्हणाले. "बघायला पाहिजे." आणि काठी टेकत खाली गेले.

थोड्या वेळाने खालून हाक आली, "मारा!"

सुमेधने हळूच एक उडी मारली.

"काही नाही! जोरात!"

त्याने जोरात मारली.

"तीन वर्षांची मुलं अशी उड्या मारत नाहीत! ती धावतात! बाई काय करतायत?"

बाई म्हणजे मी. पन्नाशीला टेकलेली, एक गुडघा कामातून गेलेला. मी पर्स खाली ठेवली आणि धावले. सुमेध पुढे, मी मागे, या खोलीतून त्या खोलीत, मग पॅसेजमधून परत. खालून सूचना चालूच, "आता खुर्ची ओढा!" खुर्ची नव्हती, तर सुमेधने माझी पर्सच फरफटत नेली. "आता रडा!" रडायला मात्र आम्हाला जमेना, इतकं हसू फुटलं होतं.

मग खाली एकदम सगळं शांत झालं. काठीचा आवाज एकेक पायरी वर आला.

हेर क्राउझे दारात उभे राहिले. "सगळं ऐकू येतं," ते म्हणाले. "एकूण एक."

सुमेधचा चेहरा उतरला. त्याने "डांके" म्हणत आभार मानले, पत्र परत घ्यायला हात पुढे केला आणि दाराकडे निघाला.

हेर क्राउझे दारातून हलले नाहीत. पत्रही त्यांनी दिलं नाही.

"कुठे निघालात?" ते म्हणाले. "ती येतेय कधी?"