फायद्यांचा कागद

नव्वदच्या दशकात मी नाशिकला आसनं शिकवायला लागलो तेव्हा माणसं गुमान यायची, घाम गाळायची आणि घरी जायची. पुढे टीव्हीवर सकाळी सकाळी योग सुरू झाला आणि मंगल कार्यालयातला माझा वर्ग तुडुंब भरला. आदल्या रात्रीच्या लग्नाचा मठ्ठा सांडलेल्या, आंबूस वासाच्या सतरंज्यांवर हे लोक पालथे पडायचे आणि पडल्या पडल्या विचारायचे, "सर, ह्याचा फायदा काय?" भुजंगासनाने पाठ मोकळी होते म्हटलं की लगेच, "आणखी काय?" नुसती पाठ मोकळी होणं कुणाला पुरतच नव्हतं. मला त्या प्रश्नाचा वीट आला होता.

शेवटी त्यांची तोंडं बंद करायला मी एक कागद तयार केला. डावीकडे आसन, उजवीकडे आजार. दोन-तीन पुस्तिकांतून उतरवलं. काही आसनांपुढची जागा रिकामी राहिली. ते बरं दिसेना, म्हणून मनानेच भरली. मंडूकासनापुढे लिहिलं, 'मधुमेह बरा होतो'. झेरॉक्स काढून वाटल्या. लोक खूश, मीही खूश.

मखमलाबादकडची एक बाई वर्गाला यायची. घरचा झेंडूचा मळा, पहाटे फुलं विकून थेट इकडे. नवऱ्याला साखर होती. एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, "सर, मालकांच्या गोळ्या बंद केल्या. रोज मंडूकासन करत्यात ते. तुमच्या कागदात लिहेल हाय ना!" कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी हसलो आणि म्हणालो, "सातत्य ठेवा."

मग ती तीनेक महिने फिरकलीच नाही. आली तेव्हा वर्ग सुटत होता. नवऱ्याच्या टाचेत मळ्यात काटा गेला, जखम चिघळली, काळी पडली आणि गुडघ्याखाली पाय काढावा लागला, हे तिने उभ्या उभ्याच सांगितलं. आता ही शिव्या घालणार, म्हणून मी खाली बघत राहिलो. तिने आवाजसुद्धा चढवला नाही.

"सर," ती म्हणाली, "आता एका पायावर कोणतं आसन जमंल त्यांना?"

'गोळ्या आता पुन्हा सोडू नका, कागदावरचं ते मी खोटं लिहिलं होतं.' एवढंच तोंडाशी आलं होतं. मी ते गिळलं आणि तिला बसून करायची दोन आसनं सांगितली. माझी मला शिसारी येते ती ह्याची.