उभयतांचा प्रवासखर्च

तालुक्याच्या कचेरीबाहेर अर्जनवीस म्हणून बसू लागल्यास मला तेव्हा वीस वर्षे झाली होती. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु इंदापुरात बी.ए. झालेली माणसेही माझ्याकडून अर्ज लिहून नेत. कोणता शब्द कोठे ठेवला असता साहेबाची मान हलते, हे कॉलेजात शिकवीत नाहीत. माझ्या लेखनातून दोन अर्थ काढून दाखवावेत, असे आव्हान मी चारचौघांत देत असे.

कचेरीतील एक अव्वल कारकून माझे स्नेही होते. सर्वजण त्यांना भाऊसाहेब म्हणत. ते मला थट्टेने 'वकीलसाहेब' म्हणत. रोज चार वाजता ते बाहेर येत आणि एक चहा आम्ही दोन बशांत घेत असू. एकेका शब्दावरून लोकांचे अर्ज परत करण्यात त्यांचा हातखंडा होता. माझा एकही अर्ज त्यांनी कधी परत केला नाही.

माझे वडील दिवाळीनंतर मेंढरे घेऊन घाट उतरत आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परत येत. त्यांनी समुद्र पाहिला होता. मी शाळेत होतो म्हणून मागे राहिलो; पुढे कळप विकला गेला आणि माझे जाणे कायमचे राहिले. ही गोष्ट मी भाऊसाहेबांशिवाय कोणासही सांगितली नव्हती. त्यावर ते म्हणाले होते, "मी रिटायर झालो की दरसाल एक प्रवास करू, वकीलसाहेब. तुम्ही आणि मी. पहिला समुद्र." हे त्यांनी एकदा नव्हे, चार-पाच वर्षे दर हिवाळ्यात म्हटले.

ते नव्वदनंतरचे दिवस. त्यांच्या निवृत्तीस तीन महिने उरले, तेव्हा एका रविवारी त्यांनी मला घरी बोलावले. पेन्शनीत वर्षाचा निर्वाह आणि प्रवास कसा बसतो, ते मी कागदावर काढून द्यावे, अशी त्यांची इच्छा होती. मी डाव्या बाजूस समास सोडून 'विषय : सेवानिवृत्तीनंतरच्या वार्षिक निर्वाह व प्रवासखर्चाबाबत' असे लिहिले आणि कलमे पाडण्यास आरंभ केला.

काम वाटले तितके सोपे नव्हते. पोटगीच्या अर्जात खर्च वाढवून लिहायचा आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मिळकत आखडून लिहायची, यात माझा जन्म गेला. जेवढा खर्च तेवढाच लिहिणे मी प्रथमच करीत होतो. दुसऱ्याच कलमास भाऊसाहेबांनी माझा हात धरला.

"दोन माणसांना रोज दोन लिटर दूध? मी काय तुमच्या अर्जातली टाकलेली बायको आहे का हो?"

आतून वहिनींचा हसण्याचा आवाज आला. त्या मूळच्या बावड्याच्या; मनात आले की आतूनच बोलायच्या. "आन् भावजी, लग्नातलं आहेर कुनी लिवायचं? सायेब घरी बसलं म्हनून मोकळ्या हातानं जायाचं व्हय?"

आहेराचे कलम मी खरोखरच विसरलो होतो. ते घातल्यावर प्रवासासाठी काही उरेना. तेव्हा दूध अर्धे केले, वर्तमानपत्र बंद केले, औषधांतून थोडे काढले. एस.टी. स्टँडवर जाऊन चिपळूणचे आणि तेथून पुढे समुद्रापर्यंतचे भाडे मी स्वतः विचारून आलो. माझा वाटा निघण्याच्या दिवशी मीच देणार होतो. परंतु तिकिटे एकदमच काढावी लागणार म्हणून दोघांचा खर्च एकत्र धरला आणि अखेरचे कलम लिहिले : 'उभयतांचा वार्षिक प्रवास, एक वेळ.'

भाऊसाहेबांनी ते कलम दोनदा वाचले. "उभयता," ते म्हणाले. "वा! शब्द चांगला घातलात."

निवृत्तीनंतर ते बारामतीस राहण्यास गेले. समुद्रावर जाणार, असे मी घरी सांगितले, कचेरीच्या आवारात सांगितले, पौषात पंधरा दिवस माझ्या जागेवर बसण्यास दुसरा लेखक ठरवला. त्यांना दोन कार्डे टाकली. उत्तर आले नाही, म्हणून पौष लागताच मी स्वतः बारामतीस गेलो.

दार वहिनींनी उघडले. चेहरा उन्हाने रापलेला होता. "या भावजी, या! समिंदर बघून आलो. परवाच आलो. लुगडं पार गुडघ्यापतुर वलं झालं बगा. सगळं तुमच्यामुळं."

"माझ्यामुळे?"

"व्हय की! तुमीच न्हवं का कागदात लिवलं? ह्यांनी वाचून दावलं. म्हनलं, बघ, वकिलानं तुजं बी तिकीट धरलंय. इतक्या वर्सांत ह्यांनी मला जेजुरीच्या फुडं न्हेलं न्हवतं."

भाऊसाहेब खुर्चीत बसले होते. मी उभ्यानेच म्हणालो, "भाऊसाहेब, त्या शब्दाचा अर्थ आपणांस ठाऊक होता."

"अहो, लग्नपत्रिकेत 'उभयतांनी यावे' म्हणून लिहितात, ते काय कारकुनाला आणि अर्जनवीसाला?" असे म्हणून ते मोठ्याने हसले.

वहिनीही हसल्या; मग माझ्याकडे पाहून थांबल्या. "म्हंजी? तुमी येनार व्हता?"

भाऊसाहेबांचे हसणे थांबले. आता बोलायचे की नाही, हे माझ्यावर होते. त्या बाईच्या डोळ्यांत अजून समुद्र होता, आणि तो त्यांना माझ्या हाताने मिळाला असे त्या समजत होत्या. मी म्हणालो, "छे, वहिनी. आम्हाला कचेरीतून सवड कुठली?"

त्यांनी पत्नीस नेले याचे मला वाईट वाटले नाही. ते त्यांनी फार पूर्वी करावयास हवे होते. माझ्यासोबत जायचे नव्हते, तर तसे चहाच्या बशीवर सांगता आले असते. परंतु आयुष्यभर लोकांच्या अर्जांतील अर्थ तपासणाऱ्या या माणसाने माझा शब्द पाहताक्षणी त्यातील पळवाट पाहिली, तिची वाखाणणी केली आणि मला ती वाखाणणी माझी वाटली. तेव्हापासूनचे सारे महिने मी त्या वाखाणणीवर आनंदात काढले होते.

वहिनींनी चहा आणला आणि कोरा कागदही आणला. "आता फुडल्या वर्साचं लिवा. रामेसर घाला."

मी लिहिले. 'पती व पत्नी, असे दोन' हे शब्द मी ठसठशीत अक्षरांत लिहिले. भाऊसाहेब खिडकीबाहेर पाहत होते. मी निघताना ते दारापर्यंत आले आणि त्यांनी माझ्या हातावर दहाची नोट ठेवली. वीस वर्षांत आमच्यात असे कधी घडले नव्हते.

कचेरीबाहेर साध्या अर्जाचा माझा दर पाच रुपये होता. मी खिशातून पाचाची नोट काढून त्यांना परत दिली.