काढलेली दृष्ट

डॉक्टरीणबाई माझ्या डोळ्यांसमोर दोन बोटं धरायच्या आणि इकडून तिकडे फिरवायच्या. मान हलवायची नाही, नुसते डोळे बोटांमागे न्यायचे आणि मनात तो वणीचा रस्ता आणायचा. पहिल्या दिवशी मला संतापच आला. माझा माणूस गेलाय आणि ही बाई मला बोटं दाखवतेय!

आम्ही दोघं गडावरून देवीचं दर्शन करून मोटारसायकलवर परतत होतो. मागून टेम्पोनं उडवलं. मी कडेच्या गवतात पडले, खरचटण्यावर निभावलं. हे डांबरावर पडले. तेव्हापासून मागं हॉर्न वाजला की मी असेन तिथं खाली बसायचे. अंबडला कंपनीत पॅकिंगला होते, ते काम सुटलं. भाजी आणायला जायचीही चोरी झाली.

दवाखान्यात सासूबाई बरोबर यायच्या. त्यांना मी आई म्हणते. एकदा दार अर्धवट उघडं राहिलं आणि त्यांनी बाकावरून बोटं फिरताना पाहिली. झालं! परतताना रिक्षात म्हणाल्या, "ही तर दृष्टच काढती तुझी. मीठ-मोहऱ्या नाय का घेत?"

"आई, त्या डॉक्टर आहेत."

"आसू दे की. पण काढून टाकती कुठं? आपण विस्तवावर टाकतो. हिच्याकडं विस्तव कुठं हाय?"

रिक्षावाला हसला. मला मेलं हसूही येत नव्हतं तेव्हा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, या उपचारानं आठवण पुसली जात नाही, लांब जाते. आईंना मी तेच सांगितलं. त्यांना काही ते पटलं नाही.

मला दिसायचं ते मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. हे जागच्या जागी गेले, एवढंच सांगितलं होतं. आई येईल-जाईल त्याला तेच सांगायच्या, "माझ्या लेकराला कळलं पण नाय." त्या एका वाक्यावर त्या जेवत होत्या, झोपत होत्या. खरं म्हणजे हे बराच वेळ शुद्धीवर होते. मला ओळखत नव्हते. आईला हाका मारत होते, पोराला शाळेत सोडून आलं की ते मारतं तशा.

मग एक दिवस बोटांमागे डोळे नेता नेता तो रस्ता लहान झाला. हाका ऐकू आल्या, पण शेजारच्या गल्लीतून याव्यात तशा. मी खूप रडले. बाहेर आल्यावर सिग्नलला ट्रकनं कर्कश हॉर्न दिला आणि मी उभीच राहिले. आईंनी ते पाहिलं. माझा दंड धरून रस्ता ओलांडला.

संध्याकाळी आम्ही मेथी निवडत बसलो होतो. त्या म्हणाल्या, "आता बसली नाय तू खाली. आता सांग. काय दिसायचं तुला?"

मला वाटलं, त्यांचा हक्कच आहे. मी सांगितलं. कंपनीत आज काय झालं ते सांगावं, तशा आवाजात सांगितलं. माझ्यापासून ते लांब गेलं होतं ना.

"हाका मारीत होता?"

"हो."

"मला?"

"हो, आई."

त्या मेथी निवडत राहिल्या. नंतर बघते तर पानं आणि काड्या एकाच पातेल्यात पडलेल्या.

आता मी परत कामावर जाते. गर्दीतून, हॉर्नमधून, नीट जाते. आई मात्र आता कुणाला ते वाक्य सांगत नाहीत. गल्लीतलं कुठलंही पोर 'आई' म्हणून ओरडलं की हातातलं टाकून दाराशी जाऊन उभ्या राहतात. परवा मी म्हटलं, "आई, चला ना डॉक्टरीणबाईंकडे. तुम्हालाही बरं वाटेल."

"नको गं," त्या म्हणाल्या. "त्याची हाक लांब गेली तर मी ओ कशी देऊ?"