बोटाने उघडणारा फोन

आज आईचा फोन पुसायला स्पिरिटची बाटली उघडली आणि वासासरशी माणिकपूरचं ते जुन्या फोनचं दुकान समोर आलं. दुकानदाराने असेच स्पिरिटने पुसून दोन फोन आमच्यापुढे ठेवले होते, एकाच कंपनीचे, एक आधीचं मॉडेल आणि एक त्याच्या नंतरचं. बाहेर शेअर रिक्षावाले ‘एव्हरशाईन, एव्हरशाईन’ ओरडत तिकडची गिऱ्हाइकं गोळा करत होते. “मावशी, हा नवा घ्या. नुसता चेहरा दाखवला की उघडतो,” तो म्हणाला. आईने जाड वेणी पुढे घेतली, काउंटरच्या काचेत स्वतःला एकदा पाहिलं आणि हसून म्हणाली, “नको रे बाबा. सोमवारपासून माझी केमो सुरू होतेय. थोड्या दिवसांनी मीच मला ओळखणार नाही, हा काय ओळखणार? बोटवाला दे. बोटं थोडीच बदलतात!” त्याने नवा फोन परत कपाटात ठेवला. बोटवाल्या फोनमध्ये तिने आपला अंगठा नोंदवला, मग माझा हात ओढून माझाही. “असू दे गं, कधी लागला तर.” पुढे केस गेले, भुवया गेल्या आणि औषधाने बोटांचीही सालं निघाली. फोन तिचा अंगठा मानेना. मग ती आतल्या खोलीतून हाक मारायची, “अगं, बोट दे जरा,” आणि मी पोळ्या लाटता लाटता पिठाचा हात पुसत धावायचे. आज फोन पुसून झाल्यावर अंगठा ठेवला. लगेच उघडला. आतल्या खोलीतून कुणी बोट मागितलं नव्हतं.