बांधाला पडलेली खांड

माझ्या सासूबाई सत्यवती जासईच्या, मिठागरवाल्यांची लेक. मी खारघरच्या इमारतीत वाढलेली; मला बादलीतल्या पाण्याचीसुद्धा धास्ती. पण डायलिसिस केंद्राच्या मदतीसाठी आमच्या पनवेलच्या महिला मंडळाने कर्नाळ्याचा ट्रेक काढला, आणि सासूबाईंनी साडीखाली बूट चढवून मलाही सरावाला जुंपलं. "खाडीच्या बांधाव चालू, गो. दम वाढतो," म्हणाल्या. त्यांच्यापुढे नाही म्हणायची कोणाची टाप!

होळीच्या उधाणाचे दिवस होते. एकीकडे भरतीचं पाणी बांधाला थडकत होतं, दुसरीकडे ओस पडलेली मिठागरं. जमीन केव्हाच सरकारी भूसंपादनात गेली, माणसंही निघून गेली. आम्ही परत फिरलो, तर वाटेत बांधाला खांड पडलेली. येताना धड असलेल्या मातीतून आता खाडी आत धावत होती, आणि घरी जायची वाट तेवढी एकच. मागे नुसतं तिवरांचं रान.

पाणी अजून गुडघ्याएवढंच होतं. हात धरून पार झालो असतो. पण सासूबाईंनी पदर खोचला, खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी चिखल उपसून खांडीत टाकायला लागल्या. मिठागरवाल्यांत ही रीतच. खांड दिसली की असेल ते काम टाकायचं, ती बुजवायची, गावाला हाक मारायची. त्यांनी हाकही मारली, "धावा रं, खांड गेली!"

कोण येणार होतं? लांब कंटेनरची क्रेन तेवढी फिरत होती.

टाकाल तेवढा चिखल वाहून जात होता, काठ ढासळत होता, पाणी मांडीला लागलं. "आई, चला! आत आता कोणी राहत नाही हो!" मी रडत ओरडले. त्यांना ऐकूच जाईना. त्यांचा चेहरा मला ओळखीचा वाटेना, आणि पाण्याहून मला त्याचीच जास्त भीती वाटली. शेवटी जन्मात केलं नव्हतं ते केलं. सासूचा दंड धरला आणि त्यांना फरफटत पाण्यात ओढलं. मधोमध दोघींचेही पाय सुटले. कशाबशा पलीकडे चिखलात जाऊन पडलो.

मागे बांधाचा मोठा तुकडा धपकन कोसळला. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण सासूबाई चिखलाने भरलेल्या आपल्या हातांकडे बघत होत्या.

"मना ठाव व्हता गो, आत कोन नाय," त्या म्हणाल्या. "पन हात थांबं नाय. परत आसा झाला त मना अशीच वड. मी शिव्या दिल्या तरी सोरू नको."