मावशीचा सतरावा प्रश्न

आमच्या घरात लेखक म्हणून मान मलाच आहे. मिक्सर, इस्त्री, हीटर यांच्या खोक्यात जी माहितीपुस्तिका असते आणि जी कोणीही वाचत नाही, ती मी लिहितो. त्यामुळे माझी धाकटी मावशी गोष्टी लिहिते हे कळल्यावर मी हसलो होतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे माझ्याकडून कोणी फार आशा ठेवणार नाही.

मावशी दातांच्या डॉक्टरकडे कामाला आहे. सकाळी पावणेनऊला दवाखान्याचं शटर ती उघडते, पेशंटांच्या वेळा लिहून घेते, घाबरलेल्यांना ‘काही दुखत नाही हो’ असं धादांत खोटं सांगते. राहते एकटीच, दोन खोल्यांत. लग्न केलं नाही. का, हे विचारायची सोय आईने कधी ठेवली नाही, आणि मी विचारायच्या वयाचा झालो तेव्हा मला विचारावंसं वाटलं नाही.

तिचं खरं आयुष्य बेचाळीस पुस्तकांत गेलं. लहानशा स्टेशनात बसून गुन्हे शोधणाऱ्या एका स्टेशनमास्तरची ती मालिका. त्या मालिकेच्या वाचकांचं एक मंडळ होतं, महिन्यातून एकदा वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरायचं, आणि तिथे मावशीचा शब्द शेवटचा. नवव्या पुस्तकात स्टेशनमास्तरला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, तेविसाव्यात उजव्या. लेखक विसरला, झालं. पण लेखक चुकला म्हणायला मावशीचं मन धजेना. तिने तेरा पानांची गोष्ट लिहून मधल्या काळात एक कान बरा केला आणि दुसरा इंजिनाच्या शिट्टीने घालवला. मंडळाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. अशा तिने साठेक गोष्टी लिहिल्या, सगळ्या दुसऱ्याच्या माणसांच्या.

लिहायला बसण्याआधी ती प्रत्येक पात्राचं कार्ड करायची. दवाखान्यातून रद्दीत निघालेली कार्डं, त्यांच्या कोऱ्या पाठीवर सतरा प्रश्न. खिशात काय असतं? चिडल्यावर आवाज चढतो की उतरतो? कोणासमोर खोटं बोलवत नाही? आणि सतरावा: हा माणूस उद्या दिसला नाही, तर सगळ्यात आधी कोणाच्या लक्षात येईल? “याचं उत्तर आलं की पात्र उभं राहिलं म्हणून समज,” असं ती म्हणायची. स्टेशनमास्तरचं सोपं होतं. रूळ बदलणारा त्याचा सांधेवाला, सहा दहाच्या गाडीला.

पुढे तो लेखक वारला आणि वर्षभरात मंडळाची पांगापांग झाली. उरले ते फोनवरच्या ग्रुपमध्ये, आणि तिथे गुलाबाच्या फुलांसकट सुप्रभात सुरू झालं. मावशीने मालिकेतल्या गाड्यांच्या वेळांबद्दल दोन-तीनदा काहीतरी लिहिलं. एकाने हात जोडल्याचं चित्र पाठवलं, बाकी सामसूम.

“आता आपली माणसं करायला हवीत,” ती मला म्हणाली. “उसन्या माणसांवर किती दिवस काढायचे?” तेव्हा तिला छप्पन्नावं लागलं होतं. मी ‘वा, छान’ म्हटलं आणि घड्याळ पाहिलं.

तिची पहिली स्वतःची नायिका दातांच्या दवाखान्यात कामाला होती, एकटी राहायची. कार्डावरची सोळा उत्तरं एका बैठकीत झाली. सतराव्यापाशी घोडं अडलं. आठ दिवस हलेना, तेव्हा तिने मला भर दुपारी ऑफिसात फोन केला. माझ्यासमोर इस्त्रीची वायर कशी गुंडाळावी याच्या सूचना होत्या.

“एक विचारायचं होतं रे. ही बाई दिसली नाही, तर कोणाच्या लक्षात येईल? तुला काही सुचतं?”

“शेजारीण?”

“शेजारच्या खोलीला कुलूप आहे. तीन वर्षं.”

“मग बहीण.”

“बहीण फोन करते, पण पंधरा दिवसांनी वगैरे. सगळ्यात आधी कोण, ते हवंय.”

“मावशी, बाई खोटीच आहे ना? मग टाक की कोणालाही.”

“खोटी आहे म्हणून तर कोणालाही टाकता येत नाही,” ती म्हणाली. “बरं, कर तू तुझं काम.”

ती काय विचारत होती हे मला तेव्हा कळलं नाही, असं मी सांगू शकतो. पण अर्धंमुर्धं कळलं होतं. कळलं म्हणूनच मी फोन लवकर ठेवला.

चार महिन्यांनी आईने तिच्यासाठी चादरी दिल्या, म्हणून एका रविवारी दुपारी गेलो. टेबलाशी दोन खुर्च्या होत्या. दुसरीवर पुस्तकांचा ढीग होता, तो हलवायलाच तिला बराच वेळ लागला. मग तिने माझ्यापुढे नऊ पानं ठेवली आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून चादरींच्या घड्या मोडून पुन्हा घालत बसली.

गोष्टीतली बाई शनिवारी संध्याकाळी न्हाणीघरात पाय घसरून पडते. उठता येत नाही. फोन बाहेरच्या खोलीत. रविवार जातो. सोमवारी नऊ वाजता दाढ ठणकत असलेला एक पेशंट बंद शटरसमोर येऊन उभा राहतो. चिडतो, शटर बडवतो, ‘लोकांना काही जबाबदारीच नाही’ म्हणतो, आणि शेवटी डॉक्टरांना फोन लावतो. सबंध गोष्टीत तिची वाट पाहणारा तो एकटाच.

वाचून मला पुरतं कळलं. ते दिसू नये म्हणून मी शहाणपणा केला.

“जमलंय. पण हे पटणार नाही गं कोणाला. अगदीच कोणी नाही, असं असतं का? एखादा भाचा दे तिला.”

“दिला होता,” मावशी म्हणाली. “पहिल्या खर्ड्यात होता. रविवारी तो दारात यायचा. चार वेळा लिहून पाहिलं. पण तो दारात आला, की गोष्ट खोटी वाटायला लागायची. मग काढला.”

टोमणा असता तर बरं झालं असतं, टोमण्याला उलटून बोलता येतं. पण ती मंडळात स्टेशनमास्तरच्या कानाबद्दल बोलायची तशीच बोलत होती, मन लावून, कुठे अडलं आणि काय केलं ते सांगत. मला इतकी लाज वाटली की पानं सारखी करण्याचं निमित्त करून मी खाली पाहत राहिलो.

तिने चादर बाजूला ठेवली आणि माझ्या पाठीवर हात फिरवला.

“मनाला लावून घेऊ नकोस रे,” ती म्हणाली. “माणूस म्हणून तू चांगलाच आहेस. गोष्टीत उभा राहत नव्हतास, एवढंच.”