आठ खुर्च्या, नऊ मोबाइल

फुटबॉलमध्ये गोलकीपरला बॉलला हात लावायची परवानगी असते, हे मला माझी मुलगी गोलकीपर झाल्यानंतर आठ महिन्यांनी कळलं. तोपर्यंत मी समजत होतो की सानिका सारखी फाउल करते आणि पंच तिला लहान समजून सोडून देतात. भला माणूस, असं मी गावात दोघातिघांना सांगितलंही होतं.

सानिका कोल्हापूरला होस्टेलवर राहून शिकते आणि कॉलेजच्या टीमकडून खेळते. तिची मॅच मी मैदानावर जाऊन एकदाच बघितली. आमच्या दापोड्यात पोरीचं कौतुक करायला एकट्यानं जायची पद्धत नाही. मी दोन जीपगाड्या भरून माणसं नेली, सोबत बेंजो पार्टी आणि एक फ्लेक्स. (फ्लेक्सवर सानिकाचा फोटो पासपोर्टएवढा होता, बाकी जागेत आम्ही सगळे काका-मामा हात जोडून उभे.) तिनं पहिला बॉल अडवला आणि आमचा बेंजो सुरू झाला. मॅच थांबली. पंच आला, त्याला वाटलं कुणाची तरी हळद आहे. त्याच्या गळ्यात हार पडला तेव्हा तर सानिका गोल सोडून पळत आमच्याकडे आली आणि म्हणाली, “पप्पा, पाया पडते, घरी जा!”

त्या दिवसापासून मला मैदानबंदी झाली. यापुढे काय बघायचं ते मोबाइलवर. कॉलेजवाले प्रत्येक मॅच लाइव्ह दाखवतात.

घरी बसणं मला नवीन नाही. जमीन गोडाऊनला भाड्यानं दिली तेव्हापासून माझं काम म्हणजे सकाळी खालच्या मजल्यावर बसणं आणि दुपारी वरच्या. घर तीन मजली आहे, खोल्या नऊ, आणि राहणारा मी एकटा. थोरला भाऊ कुटुंब घेऊन ठाण्याला गेला. माझी बायको वनिता तीन वर्षांपूर्वी गेली, ती जिथून कुणी परत येत नाही तिथं. जेवणाचं टेबल तिनं हौसेनं घेतलं होतं, आठ खुर्च्यांचं. मी सहसा गॅसजवळ उभ्यानंच जेवतो, कारण त्या टेबलावर एकट्याचं ताट ठेवलं की मला हॉटेलात चुकून लवकर आल्यासारखं वाटतं.

फायनलच्या आदल्या दिवशी सानिकाचा फोन आला.

“पप्पा, उद्या तीन वाजता. बघाल ना?”

“बघणार म्हंजे? मी दोन वाजल्यापासूनच बसतो.”

“त्या लाइव्हच्या कोपऱ्यात डोळ्याचं चित्र असतं ना, त्याच्या बाजूला आकडा येतो. किती जण बघतायत त्याचा.”

“मग?”

“गेल्या मॅचला तिथं एक होता. शेवटपर्यंत एकच. पोरी चिडवतात, सानिका, तुझा प्रेक्षक आला गो!” ती हसली, पण हसणं मध्येच संपलं. “बाकीच्यांच्या घरचे मैदानावर येतात ना. जाऊ दे. तुम्ही बघा म्हंजे झालं.”

रात्रभर तो ‘एक’ माझ्या डोक्यातून जाईना. आई असती तर दोन झाले असते, हे ती बोलली नाही आणि मीही बोललो नाही. पण सकाळी उठलो ते ठरवूनच. पोरीच्या फायनलला तो आकडा एक राहणार नाही!

कपाटातून वनिताचा मोबाइल काढला. मी तो अजून चार्ज करतो आणि रिचार्जही मारतो. (का, ते विचारू नका. मलाही सांगता येत नाही.) झाले दोन. मग गोडाऊनवर गेलो. गेटवर आमचा वॉचमन रामसूरत होता आणि आत माल उतरायची वाट बघत सहा ड्रायव्हर सावलीत पडले होते.

“रामसूरत, सबका मोबाइल चाहिए. दो घंटा.”

“क्या हुआ सेठ? चोरी हुआ क्या?”

“चोरी नहीं, फुटबॉल है.”

रामसूरतनं ड्रायव्हरांकडे बघितलं, ड्रायव्हरांनी रामसूरतकडे. मी गरमागरम कांदाभजी आणि चहा कबूल केला. दहा मिनिटांत सात मोबाइल माझ्या पिशवीत होते, आणि सात जणांचे लॉक माझ्या हातावर पेननं लिहिलेले.

पावणेतीनला मी टेबल मांडलं. प्रत्येक खुर्चीपुढे एक स्टीलचा पेला उपडा आणि त्याला टेकवून एक मोबाइल. वनिताचा तिच्या जागेवर, स्वयंपाकघराच्या दाराजवळ. आठ जागांवर आठ, आणि नववा माझा, हातात. एकेक करून सगळ्यांवर मॅच लावली. कोपऱ्यातला आकडा एक, तीन, सहा करत नऊवर गेला. समोरची टीम कोल्हापूरचीच, त्यांची माणसं मैदानावर, त्यामुळे नऊच्या नऊ आपले! तीन वर्षांत पहिल्यांदा ते टेबल भरलेलं बघून मला इतकं बरं वाटलं की मी पाणी विचारणार होतो.

मॅच सुरू झाली आणि एक भानगड लक्षात आली. नऊ मोबाइलवर नऊ वेगवेगळ्या वेळा चालल्या होत्या! माझा सगळ्यात पुढे. त्याच्यामागे रामसूरतचा, मग ड्रायव्हरांचे, आणि सगळ्यात मागे वनिताचा. तिचा मोबाइल जुना, तो सावकाश विचार करून दाखवायचा. सानिकानं माझ्या हातातल्या मोबाइलवर बॉल पकडला की मी “शाब्बास!” ओरडायचो, आणि मग टेबलाभोवती फिरत तोच बॉल ती पुन्हा आठ वेळा पकडायची. एकाच पोरीचं एवढं कौतुक करायला मिळालेला बाप तालुक्यात दुसरा नसेल.

तेवढ्यात तिसऱ्या खुर्चीवरचा मोबाइल वाजला. व्हिडिओ कॉल! घाईत माझं बोट भलत्या बटणावर पडलं आणि पडद्यावर डोक्यावर पदर घेतलेली एक बाई आली.

“आप कौन? हमारे आदमी किधर हैं?”

“वो भजी खा रहे हैं, भाभी.”

“और उनका फोन?”

“फोन फुटबॉल देख रहा है.”

बाईनं माझ्याकडे टक लावून बघितलं, मागच्या सात मोबाइलकडे बघितलं, आणि फोन कट केला. (त्या ड्रायव्हरला रात्री काय काय ऐकावं लागलं, ते त्यानं मला पुढच्या खेपेला सविस्तर सांगितलं.)

आकड्यानं माझं समाधान होईना. नऊ जण बघतायत पण तोंड उघडत नाहीत, हे काय बरं दिसतं? खाली कॉमेंट लिहायची सोय होती. मी टेबलाभोवती फिरून एका बोटानं प्रत्येक मोबाइलवर लिहायला लागलो, “शाब्बास गो बाय!” आधी माझ्या नावानं, मग रामसूरतच्या, मग एकेका ड्रायव्हरच्या. बिहारचे सहा ड्रायव्हर अस्सल आगरी बोलीत कौतुक करतायत, हे कुणाला खटकेल असं मला वाटलं नाही.

शेवटी वनिताच्या मोबाइलपाशी आलो. तिचं खातं सानिकानंच उघडून दिलं होतं, नाव ‘सानिकाची आई’. मी लिहायच्या चौकोनावर बोट ठेवलं, तर मोबाइलनं आपणहूनच शब्द पुढे केले. “जेवलीस का?” वनिता रोज दुपारी तिला हेच लिहायची. इतकं लिहिलं होतं की मोबाइलला ते पाठ झालं होतं. मी चष्मा वर करून ते नीट वाचायला गेलो, बोट टेकलं, आणि ते गेलं! सगळ्या जगापुढे, फायनलच्या मध्ये, ‘सानिकाची आई: जेवलीस का?’

ते पुसायचं कसं, ते मला येत नाही. शोधता शोधता हाफटाइम झाला. म्हटलं, पोरगी खेळतेय, ती कशाला बघते कॉमेंटी!

दुसऱ्या हाफमध्ये शेजारी राहणारी माझी मोठी बहीण, आक्का, आवाज ऐकून आली. आक्काला चष्म्याशिवाय धड दिसत नाही आणि चष्मा ती फक्त लग्नाला लावते. ती दाराशीच खुर्ची ओढून बसली.

“कोन कोन आलंय रं, दामू?”

“कुणी न्हाय गं. मॅच हाय.”

“मग भांडी कशाला मांडलीस?”

मी उत्तर देणार, इतक्यात माझ्या हातातल्या मोबाइलवर समोरच्या टीमची दहा नंबरवाली बॉल घेऊन सुटली. साधा बॉल होता. असे पन्नास सानिकानं झोपेत अडवले असते. पण ती जागची हललीच नाही. बॉल तिच्या डाव्या बाजूनं आत गेला.

“गेला!” मी ओरडलो.

मान वर केली तर टेबलावर बॉल अजून यायचा होता. मी रामसूरतच्या मोबाइलकडे धावलो. “डावीकडं बाय, डावीकडं!” तिथंही गेला. पुढच्या खुर्चीकडे पळालो, तिथंही. तुम्ही हसाल, पण मला खरंच वाटत होतं की एखाद्या तरी मोबाइलवर ती माझं ऐकेल. मी एकेका खुर्चीपाशी वाकून ओरडत होतो, “डावीकडं!” आणि मग, “गेला!”

वनिताच्या मोबाइलपाशी पोचलो तेव्हा बॉल दहा नंबरवालीच्या पायातून नुकताच सुटला होता. “डावीकडं गो बाय!” मी टेबलावर दोन्ही हात टेकून ओरडलो. आणि चित्र थांबलं. मध्ये गोल गोल चक्र फिरायला लागलं. बॉल हवेत, सानिका उभी, गोल झालेला नाही. मी बराच वेळ तिथं उभा राहिलो.

इकडे आक्कानं माझा प्रत्येक ‘गेला!’ बोटांवर मोजला होता. “आठ! आरं देवा, पोरीनं आठ गोल खाल्लं!” मी समजवायला वळेपर्यंत तिनं सानिकाच्या खारबावच्या मामाला फोन लावलाही होता. “पोरीला धीर दे रं, लई मोठा मार बसला!” मामानं लगेच कोल्हापूरला फोन केला. एरवी हा माणूस लग्नपत्रिका द्यायलासुद्धा पंधरा दिवस लावतो.

मॅच संपल्यावर अर्ध्या तासानं सानिकाचा फोन आला.

“पप्पा, आठ कुठून आले? मी एकच खाल्ला!”

“ते सांगतो नंतर. तू बरी हाइस ना?”

“आणि नऊ जण कोण होते? रामसूरत मला बाय कधीपासून म्हणायला लागला?”

मी हातावरचे लॉक पुसायला लागलो.  मग ती हळू आवाजात म्हणाली, “हाफटाइमला मैत्रिणीनं मोबाइल दाखवला. म्हणाली, बघ, तुझ्या आईनं लिहिलंय. तिला माहीत नव्हतं ना. नंतर मी बॉलकडेच बघत होते पप्पा, पण मला तो दिसतच नव्हता.”

“चुकलं गो माझं. बोट लागलं.”

“असू दे. लई दिवसांनी कुणी विचारलं.”

 जे तोंडात आलं ते एवढंच, “मग? जेवलीस का?”

“न्हाय. जाते आता.” फोन ठेवता ठेवता म्हणाली, “पुढच्या मॅचला आईचा मोबाइल लावा हां. पण तुम्ही त्याला हात लावू नका!”

म्हणजे मैदानबंदी होतीच, आता बोटबंदीही झाली. सात मोबाइल ज्याचे त्याला देऊन आलो. वनिताचा तसाच पेल्याला टेकलेला होता, त्याच्यावर गोल अजूनही झालेला नव्हता. मी पलीकडच्या खुर्चीवर बसून, बऱ्याच दिवसांनी, उरलेली भजी टेबलावर बसून खाल्ली. निकालाच्या कागदावर तो एकमेव गोल दहा नंबरवालीच्या नावावर लिहिलाय म्हणे. लिहू देत बिचारे, त्यांना काय माहीत! तो गोल माझा आहे. आयुष्यातला पहिलाच, पायही न लावता, एका बोटानं, दापोड्याहून कोल्हापूरला मारलेला, आणि तोही घरच्याच गोलकीपरला चुकवून!